गाळात टेकणारी जहाजं : व्हिटबीतले पाच दिवस

पहिला दिवस

बाबा माझ्याकडे लीड्सला येऊन तीन आठवडे झाले होते आणि अजून त्यांना समुद्र दिसला नव्हता. नोकरीची तेहेतीस वर्षं त्यांनी बंदर खात्यात, कोकणातल्या एकेका खाडीच्या मुखाशी काढली. सकाळी चहाच्या आधी भरतीची वेळ बघायची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. अशा माणसाला कोरड्यात ठेवणं मलाच बरं वाटेना. चार रात्रींची खोली घेतली आणि आम्ही यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबीला निघालो.

लीड्सहून बस यॉर्क, मॉल्टन, पिकरिंग करत जाते. पिकरिंग सुटलं की झाडं संपतात आणि उघडं माळरान सुरू होतं. त्यावर सगळीकडे हेदरची खुरटी झुडपं. जून चालू होता, त्यामुळे फुलं अजून यायची होती आणि माळ तपकिरी दिसत होता. मग एका वळणावर दूर समुद्राची पट्टी दिसली आणि तिच्या काठावर, कड्याच्या टोकाशी, एक मोडकी इमारत. तोच व्हिटबीचा मठ. बाबा सीटवरून पुढे सरकून बसले ते बस थांबेपर्यंत.

गाव एस्क नदीच्या मुखाशी आहे. नदी गावाचे दोन भाग करते. पूर्वेकडचा कडा जुना, पश्चिमेकडचा नवा, आणि मध्ये एक फिरता पूल. मोठी होडी आली की पुलाचे दोन्ही भाग बाजूला फिरतात, लोक दोन्हीकडे थांबून राहतात. आम्ही पोचलो तेव्हा संध्याकाळचे आठ वाजत आले होते आणि पूर्ण ओहोटी होती. पुलाच्या आतल्या बाजूला काठालगतच्या होड्या चक्क गाळात बसल्या होत्या. काही सरळ, काही एका कुशीवर. शेवाळ्याचा, चिखलाचा, माशाचा तो वास आला आणि बाबांनी मोठा श्वास घेतला.

"अगं, ही तर आपली खाडीच," ते म्हणाले. धक्क्याच्या भिंतीवर भरतीच्या पाण्याची खूण कुठवर आहे ते त्यांनी नजरेने मापलं. इथे उधाणाला भरती-ओहोटीत साडेचार-पाच मीटरचा फरक पडतो, आपल्या रत्नागिरीपेक्षा बराच जास्त. वटपौर्णिमा तीन दिवसांवर होती, म्हणजे पाणी अजून वाढणार होतं. मग ते एक वाक्य बोलले, ते पुढचे चारही दिवस माझ्या डोक्यात राहिलं. "जिथे बोट दिवसातून दोनदा जमिनीला टेकणार, तिथे ती सपाट बुडाचीच बांधत असणार. विचार कुणाला तरी."

विचारायचं कुणाला, त्याचं उत्तर चौथ्या दिवशी मिळालं.

रात्री साडेनऊला आम्ही पश्चिमेच्या कड्यावर होतो. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर उभं राहून सूर्य समुद्रात मावळताना पाहिला. इथला किनारा उत्तरेकडे तोंड करून आहे आणि या दिवसांत सूर्य वायव्येला मावळतो, ईशान्येला उगवतो. त्यामुळे जूनमध्ये व्हिटबीला सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही पाण्यावर दिसतात.

दुसरा दिवस

जुन्या गावातून मठाकडे जायला १९९ दगडी पायऱ्या आहेत. पूर्वी लाकडी होत्या. मधूनमधून रुंद टप्पे आणि बाकं आहेत. ती दमलेल्यांसाठी असावीत असं वाटतं, पण वर चर्चच्या दफनभूमीत शवपेटी नेणारे खांदेकरी तिथे पेटी टेकवून दम खात. आम्ही प्रत्येक टप्प्यावर थांबलो. खाली लाल कौलांची घरं एकमेकांना चिकटून उतरत गेलेली, आणि त्यांच्यापलीकडे दोन लांब धक्के समुद्रात हात पसरल्यासारखे. प्रत्येकाच्या टोकाला दीपस्तंभ. पश्चिमेचा १८३१चा, पूर्वेचा १८५५चा.

वर आधी लागतं ते सेंट मेरी चर्च. ते बाराव्या शतकाच्या सुरुवातीचं, पण आत शिरल्यावर आपण जुन्या जहाजाच्या पोटात आल्यासारखं वाटतं. बसायला उघडी बाकं नाहीत, दारं असलेले लाकडी कप्पे आहेत, एकेका कुटुंबाचा एकेक. मधोमध कोळशाची शेगडी. तीन मजली व्यासपीठाच्या पाठीमागे कर्णे लावलेले आहेत. एका धर्मगुरूची बायको बहिरी होती, तिला नवऱ्याचं प्रवचन ऐकू यावं म्हणून ते बसवले. बाबा त्या कर्ण्यांपाशी बराच वेळ उभे होते. आईला शेवटची चार वर्षं ऐकू येत नव्हतं.

मठाचे अवशेष मात्र चर्चपेक्षा कितीतरी मोठे आहेत. आज जे उभं आहे ते मुख्यतः तेराव्या शतकातलं गॉथिक बांधकाम. १५३९मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात मठ बंद झाला, छपराचं शिसं गेलं, वाऱ्यापावसाने उरलेलं पोखरलं आणि १८३०मध्ये मधला मनोरा कोसळला. पण त्याच्या कितीतरी आधी, ६५७ साली, नॉर्थंब्रियाचा राजा ऑस्वीउ याने इथे पहिला मठ स्थापला आणि तो एका बाईच्या हाती सोपवला. तिचं नाव हिल्ड. एकाच मठात पुरुषही आणि स्त्रियाही, आणि सगळे तिच्या आज्ञेत. तिच्या हाताखाली शिकलेले पाच जण पुढे बिशप झाले. सातव्या शतकातली ही गोष्ट आहे, हे मी तिथे उभी राहून स्वतःलाच दोनदा सांगितलं.

६६४मध्ये याच कड्यावर एक धर्मसभा भरली. वाद होता ईस्टर कधी साजरा करायचा याचा. आयर्लंडहून आलेल्या साधूंची गणिताची रीत एक, रोमची दुसरी. राजा आयरिश रीतीने चाले आणि राणी एअनफ्लेड केंटमध्ये वाढलेली, रोमच्या रीतीची. त्यामुळे काही वर्षी एकाच वाड्यात राजाचा सण होऊन जाई आणि राणीचा उपास चालूच असे. हे सांगितल्यावर बाबा लगेच म्हणाले, "म्हणजे स्मार्त एकादशी आणि भागवत एकादशी." अगदी तेच. फरक इतकाच की आपल्याकडे दोन्ही एकादश्या कॅलेंडरवर शेजारी-शेजारी सुखाने नांदतात आणि इथे राजाला निवाडा द्यावा लागला. स्वर्गाच्या किल्ल्या सेंट पीटरकडे आहेत, तेव्हा त्याच्या बाजूने, असं म्हणून त्याने रोमची रीत निवडली. हिल्ड स्वतः आयरिश बाजूची होती. तिने निर्णय मानला आणि मठ चालवत राहिली. ६८०मध्ये वारली.

तिच्याच काळातला कॅडमन हा मठाचा गुराखी. मेजवानीत वीणा हातोहात फिरू लागली की आपल्याला गाता येत नाही म्हणून तो उठून गोठ्यात जाई. एका रात्री स्वप्नात कुणीतरी येऊन म्हणालं, गा. काय गाऊ? सृष्टीची उत्पत्ती गा. सकाळी त्याला नऊ ओळींचं स्तोत्र आठवत होतं. हिल्डने त्याला मठात घेतलं. इंग्रजी भाषेतला नावाने माहीत असलेला पहिला कवी तो हाच. चर्चच्या आवारात त्याच्या नावाचा १८९८ सालचा क्रूस आहे. विठ्ठलाचं नाव घेत गुरं राखणारे, मडकी घडवणारे कवी झालेल्या मुलखातून आम्ही आलो होतो, त्यामुळे गोष्टीचं आश्चर्य वाटलं नाही, आपुलकी वाटली.

८६७च्या सुमारास डेन लोकांनी तो पहिला मठ उद्ध्वस्त केला आणि दोनशे वर्षं इथे काही राहिलं नाही.

इथे येणाऱ्यांतले निम्मे तरी ड्रॅक्युलासाठी, कादंबरीतल्या त्या रक्तपिपासू सरदारासाठी येतात. लेखक ब्रॅम स्टोकर १८९०च्या उन्हाळ्यात इथे राहिला होता, आणि कादंबरीतलं किनाऱ्याला लागलेलं जहाज त्याला सुचलं ते १८८५च्या ऑक्टोबरात खालच्या टेट हिलच्या पुळणीवर खरोखर येऊन आदळलेल्या रशियन जहाजावरून. त्या जहाजाचं नाव दिमित्री. मला स्वतःला त्या सरदारापेक्षा दिमित्रीच्या खलाशांबद्दल जास्त कुतूहल होतं.

तिसरा दिवस

सकाळी नऊ-साडेनऊला ओहोटी. पश्चिमेच्या पुळणीवरून आम्ही सँड्सएंडला चालत गेलो, साधारण तीन मैल. एक सांगून ठेवते. भरतीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय या वाटेने निघू नये. पाणी कड्याच्या पायथ्याला लागलं की वर चढायला मोजक्याच जागा आहेत.

सँड्सएंडला समुद्राशेजारची एक टेकडी कापून खाल्ल्यासारखी दिसते. तो निसर्गाचा प्रकार नाही, तिथून तुरटी काढली आहे. तुरटी आपल्या घरात गढूळ पाण्यात फिरवायला, दाढीनंतर लावायला. पण कापडाच्या धंद्यात ती सोन्यासारखी, कारण तिच्याशिवाय रंग कापडाला धरत नाही. युरोपात तुरटीचा व्यापार बराच काळ पोपच्या हाती होता. इंग्लंडचं रोमशी बिनसल्यावर स्वतःची तुरटी शोधणं भाग पडलं, आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ती या किनाऱ्यावरच्या पाटीच्या दगडात सापडली.

काढायची रीत ऐकण्यासारखी आहे. दगड फोडून त्याचे डोंगराएवढे ढीग रचायचे आणि ते महिनोन् महिने धुमसत ठेवायचे. मग तो भाजलेला दगड पाण्यात भिजवून द्राव काढायचा, तो उकळवायचा आणि त्यात समुद्री शेवाळाची राख किंवा शिळं मूत्र घालायचं. हो, माणसांचं मूत्र. ते लंडन आणि न्यूकॅसलहून पिंपांत भरून जहाजाने इथे येई. द्राव तयार झाला की नाही हे बघायला त्यात कोंबडीचं अंडं सोडत. अंडं तरंगलं की झालं. हा धंदा १८७१पर्यंत चालला, म्हणजे अडीचशे वर्षांहून जास्त.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि व्यवहाराचा प्रश्न विचारला, "उकळायला जळण कुठलं?" कोळसा. तोही उत्तरेकडून टाइन नदीवरून जहाजानेच. म्हणजे मूत्र आणायला जहाज, कोळसा आणायला जहाज, तुरटी न्यायला जहाज. व्हिटबी मासेमारीचं खेडं होतं ते मोठं बंदर झालं त्याचं मूळ या भकास टेकडीत आहे. देखणा मठ बघायला सगळे जातात, पण गावाचं पोट कशावर भरलं हे बघायचं असेल तर इथे यावं.

परतताना कड्याखालच्या गोट्यांत मला एक गोल दगड मिळाला. मुठीत मावेल एवढा, करडा, आणि त्यावर गुंडाळलेल्या चक्राच्या धारा. बाबांच्या हातावर ठेवला. ते काही बोलले नाहीत, दगड उलटसुलट केला आणि मग म्हणाले, "शाळिग्राम."

तो ॲमोनाइट होता. अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या, शंख पाठीवर वागवणाऱ्या प्राण्याचा जीवाश्म. नेपाळमधल्या गंडकीत मिळणारा आपला शाळिग्रामही याच जातीच्या प्राण्याचा जीवाश्म. आमच्या देव्हाऱ्यात आजोबांच्या आजोबांपासूनचा एक आहे, आणि दर कार्तिकात तुळशीचं लग्न त्याच्याशीच लागतं. व्हिटबीच्या लोकांनी मात्र याची वेगळी कथा रचली. मठ बांधायला आली तेव्हा कडा सापांनी भरलेला होता, हिल्डने प्रार्थना केली, सापांचे दगड झाले. गावाच्या मुद्रेवर असे तीन दगड आहेत. जुने कारागीर विकण्यासाठी दगडाला सापाचं डोकंही कोरत. पुढे शास्त्रज्ञांनी या ॲमोनाइटच्या एका जातीला हिल्डचंच नाव दिलं, हिल्डोसेरस.

याच खडकात जेट मिळतो. काळा कुळकुळीत, वजनाला अगदी हलका, आणि हाताला दगडासारखा गार लागत नाही. कारण तो दगड नाहीच, बुडालेल्या झाडांचं लाकूड आहे. आपल्याकडे बंगल्यांच्या अंगणात ॲरोकेरियाचं मजलेदार झाड लावतात, त्याच्या पूर्वजांचं. १८६१मध्ये व्हिक्टोरिया राणीचा नवरा वारला, तिने काळे दागिने घातले आणि मग सगळ्या इंग्लंडने घातले. १८७०च्या दशकात इथे चौदाशेहून जास्त माणसं जेट कोरून पोट भरत होती. मग राणीचं वय झालं, फॅशन उतरली आणि कारखाने बसले.

चर्च स्ट्रीटवरच्या दुकानात काचेखाली जेटच्या मण्यांची माळ होती. माझ्या गळ्यात काळी पोत होती. दुकानातल्या बाईंनी विचारलं, हे जेट आहे का? मी म्हटलं, नाही, काचेचे मणी, लग्न झालेल्या बायका घालतात. त्यांनी आपल्या माळेकडे बोट दाखवून सांगितलं, ही नवरा गेलेल्या बायका घालत. आम्ही दोघी क्षणभर गप्प झालो आणि मग त्यांनी माझी पोत जवळून बघायला मागितली.

संध्याकाळी जुन्या गल्ल्यांतून फिरताना बाबांना जाणवलं की बऱ्याच घरांत दिवे नाहीत आणि दाराशेजारी किल्लीच्या लहान पेट्या टांगल्या आहेत. सुट्टीपुरती भाड्याने जाणारी घरं. २०२२च्या जूनमध्ये गावकऱ्यांनी याबद्दल मतदान घेतलं. नवी घरं कायम राहणाऱ्यांसाठीच असावीत, या बाजूने दहांतल्या नऊहून जास्त मतं पडली. तो कौल कायद्याने बंधनकारक नव्हता. कोकणात आमच्या वाडीतली अकरा घरं गणपती आणि शिमग्यालाच उघडतात. तिथे घरमालक नोकरीला मुंबईत, इथे घरमालक कधी गावचा नव्हताच. दोन्हीकडे दिवेलागणीला काळोख तोच.

चौथा दिवस

ग्रेप लेनवरचं लाल विटांचं घर म्हणजे जॉन वॉकर या क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती जहाजमालकाचं. १७४६मध्ये त्याच्याकडे अठरा वर्षांचा एक मुलगा उमेदवारीला आला, शेतमजुराचा मुलगा, पुढचा जगप्रसिद्ध दर्यावर्दी जेम्स कुक. त्या आधी तो शेजारच्या स्टेथ्स गावात दुकानात कामाला होता. वॉकरकडची उमेदवार पोरं माळ्यावर झोपत. तो माळा आता बघता येतो. वरच्या तुळया जहाजासारख्याच, आणि कुक पहिल्यांदा समुद्रावर गेला तो फ्रीलव्ह नावाच्या कोळशाच्या जहाजातून, टाइनहून लंडनला.

घराच्या मागच्या अंगणातून थेट धक्क्याच्या पाण्यात उतरता येतं. ओहोटी होती. तिथल्या एका वयस्कर स्वयंसेवकाला बाबांनी त्यांचा पहिल्या दिवसाचा प्रश्न माझ्याकडून विचारला. तो माणूस इतका खूश झाला की त्याने आम्हाला एका नमुन्याच्या जहाजापाशी नेलं आणि वाकून तळ दाखवला. रुंद, सपाट, पुढे बोथट. वेगाला बेतास बात, पण पोटात माल खूप, आणि ओहोटीला गाळावर टेकलं तरी न कलंडता उभं राहणारं. कोळसा उतरवायला प्रत्येक ठिकाणी धक्का नसे. जहाज सरळ पुळणीवर बसवायचं, माल गाड्यांत भरायचा आणि पुढच्या भरतीला निघायचं.

बाबा म्हणाले, "आंग्र्यांची गलबतं खाडीत शिरत ती यामुळेच. इंग्रजांची मोठी जहाजं बाहेर अडकून राहत." मी भाषांतर करून सांगितलं. त्या गृहस्थांनी आंग्रे हे नाव दोनदा म्हणून घेतलं.

१७६८मध्ये नौदलाला पॅसिफिक महासागरात न्यायला जहाज हवं होतं, तेव्हा त्यांनी युद्धनौका घेतली नाही. व्हिटबीत थॉमस फिशबर्नच्या गोदीत १७६४ला बांधलेलं अर्ल ऑफ पेम्ब्रोक नावाचं कोळशाचं जहाज विकत घेतलं आणि त्याचं नाव ठेवलं एंडेव्हर. कप्तान कुक. लांबी सुमारे १०६ फूट, आणि निघताना त्यात ९४ माणसं. १७७०च्या जूनमध्ये ते ऑस्ट्रेलियाजवळ प्रवाळाच्या खडकावर चढलं. तोफा, पिंपं, मिळेल ते पाण्यात फेकून त्यांनी ते सोडवलं आणि एका नदीच्या मुखाशी नेऊन काठावर आडवं टेकवलं. तळ दुरुस्त करायला सहा-सात आठवडे लागले. टोकदार तळाचं जहाज असतं तर तिथेच संपलं असतं. पुढच्या दोन सफरींची जहाजंही, रेझोल्यूशन, ॲडव्हेंचर, डिस्कव्हरी, व्हिटबीचीच.

त्या नदीकाठावर आधीपासून माणसं राहत होती, आणि त्याच वर्षी कुकने तो सगळा पूर्व किनारा इंग्लंडच्या राजाच्या नावाने जाहीर केला, हेही त्या घरातच समजतं. १७७९मध्ये हवाईच्या किनाऱ्यावर तो मारला गेला. कुकच्या धैर्याबद्दल मला आदर आहे. पण त्या सकाळी मला जास्त आठवत होते ते फिशबर्नच्या गोदीतले सुतार. आपण कोळशासाठी बांधतोय ते जहाज पृथ्वीला फेरी घालणार आहे हे त्यांना कुठून माहीत असणार? त्यांनी आपल्या खाडीचा गाळ ओळखून तळ बांधला, आणि तो तळ जगाच्या दुसऱ्या टोकाला उपयोगी पडला. १७९०-९१मध्ये लंडन आणि न्यूकॅसलनंतर इंग्लंडात सगळ्यात जास्त जहाजं या एवढ्याशा गावात बांधली जात होती.

दुपारी जेवायला तळलेला हॅडॉक. यॉर्कशरमध्ये मासे बऱ्याच ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात, तेव्हा ज्यांना ते चालत नाही त्यांनी आधी विचारावं. आम्हाला वनस्पती तेलात तळणारं दुकान मिळालं. संध्याकाळसाठी बाबांनी हेन्रिएटा स्ट्रीटवरच्या, १८७२पासून चालू असलेल्या धुरीघरातून किपर घेतला. ओकच्या धुरावर धरलेला हेरिंग. कोळशासारख्या काळ्या झालेल्या भिंती, आडव्या दांड्यांवर टांगलेले मासे. बाबांच्या मते खारवलेल्या बांगड्याचं हे धाकटं भावंड, मीठ कमी आणि धूर जास्त.

पॅनेट पार्कमधल्या संग्रहालयात दोन तास कमी पडतात. तिथे जळवांचं वादळयंत्र आहे, जॉर्ज मेरीवेदर नावाच्या इथल्या डॉक्टरने १८५१च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात मांडलेल्या यंत्राची प्रतिकृती. बारा बाटल्या गोलाकार, प्रत्येकीत एक जळू. वादळ यायचं असलं की जळवा वर चढतात, वरचा लहानसा तुकडा हलतो आणि घंटा वाजते. जितक्या घंटा तितका धोका मोठा. बाटल्या गोलात यासाठी की जळवांना एकमेकी दिसाव्यात, एकटेपण वाटू नये. सरकारने यंत्र घेतलं नाही. बाबांनी ते गंभीरपणे पाहिलं. आमच्याकडचे जुने तांडेल खेकडे बिळातून कसे बाहेर येतात यावरून वारा सांगत, असं ते म्हणाले.

देवमाशांचा धंदाही इथेच कळतो. १७५३ ते १८३७ व्हिटबीची जहाजं ग्रीनलंडकडे जात आणि त्यांनी अडीच हजारांहून जास्त देवमासे मारून आणले. बंदरावर चरबी उकळायच्या भट्ट्या होत्या. विल्यम स्कोर्सबी या कप्तानाने डोलकाठीवर टेहळणी करणाऱ्या खलाशाला थंडीपासून आडोसा म्हणून १८०७मध्ये पिंपाचं घरटं बांधलं. ते पुढे सगळ्या जहाजांवर आलं. १८०६मध्ये तो साडेएक्याऐंशी अंश उत्तरेपर्यंत जाऊन आला होता. त्याच्या मुलाने, त्याचंही नाव विल्यम, देवमासे मारता मारता बर्फाच्या कणांचे आकार कागदावर काढून ठेवले आणि शेवटी धर्मगुरू झाला. पश्चिमेच्या कड्यावर देवमाशाच्या जबड्याची कमान आहे. लोक तिच्यात उभं राहून मठाचा फोटो काढतात. मला तिथे जास्त वेळ थांबावंसं वाटलं नाही.

पाचवा दिवस

आज फक्त वादळं.

सकाळी पूर्वेच्या कड्यावरून सॉल्टविकपर्यंत चालत गेलो. खाली ओहोटीला काळ्या खडकांचे सपाट थर लांबवर उघडे पडले होते. ३० ऑक्टोबर १९१४ला पहाटे चारच्या सुमारास या खडकांवर एक इस्पितळ-जहाज आदळलं. युद्धामुळे किनाऱ्यावरचे दिवे मालवलेले होते. जहाज स्कॉटलंडहून डंकर्कला जखमी सैनिक आणायला निघालं होतं आणि त्यात २२९ माणसं होती. जहाजाचं नाव रोहिला.

"रोहिला?" बाबांनी विचारलं. मराठी माणसाला या शब्दाबरोबर नजीबखान आणि पानिपतच आठवणार. नाव त्याच रोहिल्यांचं. ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन या हिंदुस्थानशी व्यापार करणाऱ्या कंपनीचं ते जहाज होतं.

किनारा अर्ध्या मैलाच्याही आत होता, माणसं ओरडलेली ऐकू येत होती, आणि तरी सुटका व्हायला पन्नास तास लागले. जॉन फील्डेन ही वल्ह्यांची जीवरक्षक होडी लोकांनी धक्क्यावरून आणि खडकांवरून ओढत आणली. ओढतानाच तिचा तळ फुटला, तरी ती दोनदा गेली आणि ३५ जणांना घेऊन आली. त्यांत जहाजावरच्या पाचही स्त्रिया होत्या. त्यांतली एक, मेरी रॉबर्ट्स, अडीच वर्षांपूर्वी टायटॅनिकवरूनही वाचली होती. तिसऱ्यांदा होडी जाऊ शकली नाही. दुसरी होडी कड्यावरून दोरांनी खाली सोडली. काही जण उडी मारून पोहत निघाले, आणि किनाऱ्यावरची माणसं एकमेकांचे हात धरून पाण्यात शिरून त्यांना ओढून घेत होती. शेवटी टाइनमथहून ४४ मैल अंधारात हेन्री व्हर्नन ही मोटरची होडी आली, तिने लाटांवर तेल ओतून पाणी दबवलं आणि उरलेल्या ५० जणांना उतरवलं. ऐंशीहून जास्त माणसं गेली.

कड्यावर बसून बाबांनी रामदास बोटीची गोष्ट सांगितली. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. ही गोष्ट मी लहानपणी आजीकडून ऐकली होती, पण बाबांनी ती माझ्यापाशी पहिल्यांदाच काढली. वर्गातल्या दोन मुलांचे वडील त्या बोटीत होते. "किनारा दिसत होता," एवढं म्हणून ते थांबले.

दुपारी धक्क्यावरच्या जीवरक्षक होड्यांच्या लहान संग्रहालयात गेलो. वल्ह्यांवर चालणारी रॉबर्ट अँड एलन रॉबसन ही होडी तिथे आहे. ती १९५७पर्यंत कामावर होती, देशातली तशी शेवटची. तिच्याशेजारी ९ फेब्रुवारी १८६१ची हकिगत. त्या एका दिवशी व्हिटबीचे जीवरक्षक पाच वेळा वादळात गेले आणि पाच जहाजांची माणसं घेऊन आले. सहाव्यांदा निघाले तेव्हा होडी उलटली. धक्क्यावर बायकामुलं बघत होती. तेरांतले बारा बुडाले. वाचला तो हेन्री फ्रीमन, कारण बुचाचं नवं जाकीट घातलेला तेवढा तो एकच होता. तो नंतर या कामातून बाहेर पडला नाही. चाळीस वर्षं जात राहिला आणि तीनशेच्या आसपास माणसांचे जीव वाचवण्यात त्याचा हात होता असं सांगतात.

आणि १८८१च्या जानेवारीत दक्षिणेकडच्या रॉबिन हूड्स बे गावासमोर व्हिजिटर नावाचं जहाज बुडू लागलं तेव्हा समुद्रातून जाणं शक्यच नव्हतं. मग व्हिटबीची होडी गाडीवर घालून डोंगरावरून सहा मैल, छातीभर बर्फातून रस्ता खणत नेली. १८ घोडे, २०० माणसं. पहिल्या खेपेला लाटांनी वल्ही मोडली. दुसरी वल्ही घेऊन पुन्हा गेले आणि जहाजावरचे सहाही जण जिवंत आणले. सहा जणांसाठी दोनशे माणसं.

या जीवरक्षक होड्या चालवणारी संस्था १८२४पासून आहे आणि आजही मुख्यतः लोकांच्या देणगीवर आणि स्वयंसेवकांवर चालते. दारात होडीच्या आकाराची पेटी होती. बाबांनी खिशातली सगळी नाणी तिच्यात टाकली, नंतर पाकीट काढून एक नोटही.

बस गाठायची म्हणून पुलापाशी आलो तर घंटा वाजली, फाटकं बंद झाली आणि पूल फिरू लागला. भरती पूर्ण होती. परवा गाळात बसलेल्या होड्या धक्क्याच्या कडेपर्यंत वर आल्या होत्या. एक मच्छीमार बोट आत शिरली, आणि पुलाच्या पलीकडे नारिंगी-निळी जीवरक्षक होडी धक्का सोडून बाहेर निघाली. सरावाला की कुणाच्या हाकेला, ते कळायला मार्ग नव्हता. ती दोन दीपस्तंभांच्या मधून गेली, उजवीकडे वळली आणि कड्याआड दिसेनाशी झाली.

पूल पुन्हा जुळला, लोक चालू लागले. मी बॅग उचलली.

"ती आत येईपर्यंत थांबू," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, बस जाईल.

"जाऊ दे."

आम्ही धक्क्यावर बसून राहिलो.